ताकदीचा ग्रेड दर वेळी वेगळा येतोय? हे लिहून घ्या

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कोथरूडच्या फिजिओने मांडीच्या ताकदीला 4 ग्रेड दिला (0 ते 5 मध्ये, 5 म्हणजे पूर्ण ताकद), आठवड्याने दुसरीने 3+, आई रडकुंडीला. ताकद तेवढीच होती हो, पहिलीने गुडघ्याच्या जरा खाली दाबलं होतं, दुसरीने पार घोट्याशी, तिथे तेवढाच दाब पेलायलाही मांडीला जोर जास्त लागतो.

आता फाइलमध्ये ग्रेडशेजारी लिहून घेते:
1. बसून की झोपून
2. हात नेमका कुठे ठेवला
3. किती सेकंद दाबलं

पुढच्या वेळी कोणीही असो, तसंच करायला सांगायचं, आधी चांगला पाय मग ऑपरेशनचा. 3 पर्यंत फार घोळ नसतो, कोणी न दाबता, बसून गुडघा पूर्ण सरळ होतो का तेवढं बघायचं, खरी गडबड 4 मध्ये, तिथे दाबणाऱ्याचा जोरही आला. डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) असेल तर किलोत आकडाच मागा.

फक्त दुखून पाय सुटला तर तसं लिहायला लावा, तो अशक्तपणा धरू नका.