जुन्या हूवरचे वय कसे ओळखावे

जुन्या बाजारात उभ्या दांड्याचा, कापडी पिशवीचा हूवर व्हॅक्यूम क्लीनर हाती लागला, तर त्याचे वय पिशवीवरून ठरवू नये, कारण सर्वांत आधी फाटते आणि बदलली जाते ती पिशवीच. प्रथम निर्मात्याची पाटी शोधावी, ती मऊ कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी (पॉलिश मुळीच लावू नये, अक्षरे झिजतात) आणि तिच्यावरचे गावाचे नाव वाचावे.

पाटीवर ‘न्यू बर्लिन, ओहायो’ असेल, तर यंत्र बरेच जुने समजावे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन शहरातील एका दुकानात साफसफाईचे काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांना झाडताना उडणाऱ्या धुळीने दम्याचा त्रास होई. म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून शोषयंत्र तयार केले व १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ते हक्क शेजारच्या न्यू बर्लिनमधील चामडी सामानाचे कारखानदार विल्यम हेन्री हूवर यांनी घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीविषयी रोष वाढल्याने १९१८ मध्ये त्या गावाचे नाव नॉर्थ कँटन झाले, आणि वय ठरवण्यासाठी इतका भक्कम पुरावा यंत्रावर दुसरा क्वचितच सापडतो. ‘पेरिव्हेल’ हे नाव मात्र लंडनच्या पश्चिमेकडील, १९३० च्या दशकात उभारलेल्या कारखान्याचे आहे.

पाटी गहाळ असल्यास यंत्र उलटे करून रोलर पाहावा. ब्रशच्या जोडीला धातूच्या आडव्या पट्ट्या दिसल्या, तर ती १९२६ पासून आलेली रचना होय: हवेच्या ओढीने किंचित उचललेल्या गालिच्यावर त्या पट्ट्या थापट्या मारतात आणि आत रुतलेली वाळू मोकळी होते. मात्र रोलरही बदललेला असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. मोटरीवर बेकलाइटचे (एक जुने, कडक प्लास्टिक) वाहत्या रेषांचे झाकण असेल, तर अमेरिकी रचनाकार हेन्री ड्रेफस यांनी घडवलेल्या १९३६ च्या ‘मॉडेल १५०’ शी तुलना करावी.

उत्सुकतेपोटी यंत्र विजेला जोडू नये. जुन्या वायरीचे रबर ठिसूळ झालेले असते, धातूच्या अंगाला बहुधा अर्थिंग नसते, आणि अमेरिकी मोटर सुमारे ११० व्होल्टची असल्याने आपल्याकडील २३० व्होल्टवर ती जळून जाते. आधी जाणत्या वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घ्यावे.