एफयूटी की एफयूई? हेअर ट्रान्सप्लांटचं टेक्निक कसं निवडायचं

कोकणात भाताची लावणी ज्याने केलीय त्याला हेअर ट्रान्सप्लांट समजवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरवा म्हणजे भाताची कोवळी रोपं एका जागी दाट असतात, ती काढायची आणि दुसरीकडे चिखलात लावायची, बस. डोक्यावर तरवा म्हणजे मागची आणि कानामागची पट्टी, कारण पुरुषी टक्कलात डीएचटी नावाच्या हार्मोनने पुढचे आणि भोवऱ्याचे केस बारीक होत होत जातात पण मागच्या केसांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिथला केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि आजची सगळी टेक्निक्स त्याच एका गोष्टीवर उभी आहेत.

फक्त भातात दरवर्षी नवा तरवा येतो, इथे येत नाही. मागून काढलेला केस तिथे परत उगवत नाही, आणि आयुष्यभरात मिळून साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट्स, म्हणजे मुळासकट काढलेले एक ते चार केसांचे झुपके, नीट निघतात, कुणाचे कमी कुणाचे जास्त. म्हणून टेक्निक निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, यात माझा मागचा साठा किती आणि कसा वापरला जाणार?

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, तुमचं गळणं नक्की कशाचं आहे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, क्रॅश डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस जातात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. चाई पडली असेल तर ते वेगळंच दुखणं, त्याला ऑपरेशन नाही तर त्वचारोगतज्ज्ञाची ट्रीटमेंट लागते. बायकांनी थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आधी बघावं. आणि वय बावीस-तेवीस असेल तर थांबा, कारण टक्कल कुठवर जाणार हे अजून कळलेलं नसतं, आज पुढे लावून घेतलं आणि दहा वर्षांनी त्याच्या मागचे गेले तर मध्येच बेट उभं राहिल्यासारखं दिसतं.

आता टेक्निक्सकडे येऊ. जाहिरातीत सात-आठ नावं दिसतात पण केस काढायच्या पद्धती मुळात दोनच आहेत.

एफयूटी म्हणजे मागून साधारण एक ते दीड सेंटीमीटर रुंदीची कातडीची लांब पट्टी कापून घेतात, जखम टाक्यांनी शिवतात आणि त्या पट्टीचे मायक्रोस्कोपखाली एक ते चार केसांचे ग्राफ्ट्स वेगळे करतात. दिसत असताना कापल्यामुळे मुळं कमी तुटतात, पूर्ण डोकं भादरायला लागत नाही, आणि एका बैठकीत भरपूर ग्राफ्ट्स मिळतात. तोटा म्हणजे मागे कानापासून कानापर्यंत एक रेघ राहते, केस थोडे वाढवले की झाकली जाते पण झिरो मशीन मारलं की दिसते. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, मान काही आठवडे ओढल्यासारखी राहते, जिमवाल्यांना तेवढे दिवस वजन उचलता येत नाही. आपल्याकडे घरात कोणी गेलं की मुंडण करतात, तेव्हा ही रेघ उघडी पडते, हे मला कुठल्याच क्लिनिकमध्ये कोणी बोललं नाही, माझ्या मावसभावाला काकांच्या दहाव्याला कळलं.

एफयूईमध्ये पट्टी नाही, एक मिलिमीटरच्या आसपासचा किंवा त्याहून बारीक गोल पंच, म्हणजे पोकळ नळीसारखं पातं, लावून एकेक ग्राफ्ट सुटा काढतात. २००२ पासून ही जास्त माहिती झाली, आता बहुतेक लोक हीच करतात, मीही हीच केली, २२०० ग्राफ्ट्स. टाके नाहीत, दुखणं कमी, बारीक केस ठेवता येतात. पण व्रण नसतात असं जे सांगतात ते खरं नाही, रेघेऐवजी शेकडो पांढरे ठिपके असतात, फक्त विखुरलेले म्हणून डोळ्यात भरत नाहीत. आणि आतलं मूळ दिसत नसताना पंच अंदाजाने उतरवायचा असतो त्यामुळे हात कच्चा असेल तर मुळं तुटतात, कुरळ्या केसात तर जास्तच. जास्त संख्येच्या नादात दाटीने काढले तर मागचं डोकं कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं आणि त्याला नंतर फारसा उपाय उरत नाही.

मग जाहिरातीतली डीएचआय आणि सफायर ही नावं काय? तर दोन्ही लावणीचे प्रकार आहेत, तरवा काढायचे नाहीत. सफायरमध्ये ग्राफ्ट बसवायच्या चिरा स्टीलऐवजी नीलमणीच्या पात्याने पाडतात. डीएचआयमध्ये ग्राफ्ट पेनासारख्या इम्प्लांटरच्या सुईत भरून भोक पाडणं आणि बसवणं एकदम करतात, हे पेन नव्वदच्या दशकात दक्षिण कोरियातून आलं. दोन्हीत केस निघतात ते एफयूईनेच. आहेत त्या केसांच्या मधे मधे भरायचं असेल तर पेन उपयोगी पडतं हे खरं, पण या नावासाठी कोणी दुप्पट पैसे मागत असेल तर माझ्या मते ते पैसे अनुभवी डॉक्टरवर घालवलेले बरे.

निवडायचं कसं, तर अगदी बारीक केस ठेवायची सवय असेल, मागची कातडी घट्ट असेल किंवा थोडेच ग्राफ्ट्स लागणार असतील तर एफयूई. टक्कल मोठं आहे, केस लांब ठेवता आणि जास्तीत जास्त ग्राफ्ट्स हवेत तर एफयूटीचा विचार नक्की करा, नंतर लागलं तर त्यावर एफयूई करता येते. जखमेवर जाड गाठीसारखा व्रण उठायची सवय असेल तर दोन्हीच्या आधी डॉक्टरला सांगा.

ग्राफ्ट्सचा हिशोब स्वतः करून बघा. मागे चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट्स असतात, पुढे ३५ ते ४५ लावले तरी भरल्यासारखं दिसतं, म्हणजे ५० चौरस सेंटीमीटरला दोन हजारांच्या आसपास. मला एका ठिकाणी डोक्याला हात न लावताच ४५०० सांगितले होते, दुसरीकडे मोजून २२०० निघाले. रेट ग्राफ्टचा आहे की केसाचा हेही विचारा, एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस धरले तर ४००० केस म्हणजे २००० ग्राफ्ट्सच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंच कोणाच्या हातात असणार ते. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे या कामाचं पुरेसं ट्रेनिंग नाही. डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी आहे का ते बघा, आणि भूल देणं, काढणं, चिरा पाडणं यातलं काय डॉक्टर स्वतः करणार आणि काय टेक्निशियन, ते थेट विचारा, उत्तर गोलगोल आलं तर उठून या. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा हजारो ग्राफ्ट्सच्या लांबलेल्या बैठकीनंतर मृत्यू झाला होता. बैठक लांबली की भुलीचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि त्याची मर्यादा वजनावर ठरलेली असते, त्यामुळे काम मोठं असेल तर दोन दिवसांत विभागून घ्या. काढलेले ग्राफ्ट्सही तरव्यासारखेच, बाहेर सुकत पडले की मरतात. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, ॲलर्जी काहीही लपवू नका आणि सिगारेट आधीच बंद करा.

नंतरचे दिवस असे जातात. पहिल्या काही रात्री उशी उंच ठेवून उताणं झोपायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते आणि जाते, खपल्या आठ-दहा दिवसांत पडतात, हेल्मेट डॉक्टर सांगेपर्यंत नाही म्हणजे पुण्यात असाल तर रिक्षाचे पैसे बाजूला ठेवा. मग दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात, मी त्या वेळी रात्र रात्र जागलोय पण मुळं आत शाबूत असतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस दिसायला लागतात. जुने केस मात्र आपल्या गतीने जातच राहतात म्हणून मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइड ही केसगळतीची औषधं चालू ठेवायची का आणि फिनास्टराइडचे लैंगिक साइड इफेक्ट्स काय हे डॉक्टरशी मोकळेपणाने बोला. पुढचा रिझल्ट कळायला वर्ष लागतं, भोवऱ्याला कधी दीड वर्षही, तोवर रोज आरशात बघू नका, महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी त्याच उजेडात दोन फोटो काढा, एक ओल्या केसांचा आणि एक कोरड्या.