अमेरिकन कॉलेजला आवड कळवताना: एकच ईमेल, एकच नाव

काही अमेरिकन कॉलेजं प्रवेश देताना विद्यार्थ्याला आपल्याकडे यायची किती आवड आहे, तेही बघतात, उदाहरणार्थ त्यांच्या वेबिनारना तो बसला का. पण ज्या कॉलेजांत अर्ज करणार, त्या सगळ्यांच्या वेबिनारना बसू नका. आधी प्रत्येकाचा ताजा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतःची आकडेवारी ठरावीक नमुन्यात मांडलेला कागद) शोधून सी-७ तक्ता उघडा; प्रवेशात कशाला किती महत्त्व, ते त्यात असतं. त्यात ‘लेव्हल ऑफ ॲप्लिकंट्स इंटरेस्ट’, म्हणजे अर्जदाराची आवड, अशी ओळ असते. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी आवड मोजत नाहीत. तिथला वेळ निबंधांना द्या. केस वेस्टर्न, ट्यूलेन, लीहाय यांच्याकडे मात्र ती बघितली जाते.

आता खरा खड्डा. वेबिनारला नाव नोंदवलं स्वतःच्या ईमेलवरून आणि कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) भरलं कौन्सेलरने काढून दिलेल्या नव्या ईमेलवरून, तर कॉलेजच्या यंत्रणेत दोन वेगळी माणसं तयार होऊ शकतात. बरीच कॉलेजं अर्जदारांच्या नोंदी ठेवायला ‘स्लेट’ हे सॉफ्टवेअर वापरतात. नोंदी जुळतात त्या ईमेल, नाव आणि जन्मतारखेवर, आणि आपली मुलं तिन्हीकडे अडकतात. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, वेबिनारच्या फॉर्मवर नुसतं हाकेचं नाव. तारखेत अमेरिकन फॉर्म महिना आधी मागतो: ४ जुलै लिहायला ०४/०७ टाकलं की ७ एप्रिल झाला. मग वर्षभराची हजेरी ज्या नोंदीवर जमते, तिच्यावर अर्जच नसतो. म्हणून दहावीनंतरच एक ईमेल काढा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणे लिहा. पासवर्ड स्वतःकडे ठेवणारा कौन्सेलर कितीही नावाजलेला असो, नको.

आधीच दोन ईमेल झाले असतील तर घाबरू नका. ॲडमिशन ऑफिसला दोन्ही पत्ते आणि जन्मतारीख कळवून नोंदी एकत्र करायला सांगा. हे त्यांचं नेहमीचं काम आहे.

कॅम्पस बघायला विमानाचं तिकीटही काढू नका. नाशिक-सोलापूरहून कुणी तशी अपेक्षा करत नाही. ऑनलाइन सत्र पुरतं, फक्त वेळ बघा: न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार, आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की साडेपाच.

सगळ्यात ठळक आवड म्हणजे अर्ली डिसिजन. हा लवकर करायचा अर्ज बांधील असतो, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जावं लागतं; तो एकाच कॉलेजला करता येतो, त्यावर पालक आणि शाळेच्या कौन्सेलरचीही सही लागते. शिष्यवृत्तीशिवाय परवडणार नसेल तर खर्चाचा आकडा हातात आल्याशिवाय सही करू नका. कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देणारा) बहुधा अमेरिकन कुटुंबांसाठी बांधलेला असतो, त्याच्या भरवशावर तर मुळीच नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मदत कशी ठरते, ते फायनान्शियल एड ऑफिसला ऑक्टोबरआधी लेखी विचारा.