घरात कुणाला ॲलर्जी आहे आणि पिल्लू आणायचंय? मग या क्रमाने जा

पिल्लू आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा जातीची होते. लॅब की बीगल, लहान की मोठं. ज्या घरात कुणाला शिंका, दमा किंवा अंगावर गांध्या उठण्याचा त्रास आहे, तिथे हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी पाहायचं ते इतकंच की त्या माणसाला कुत्र्याबरोबर एका छताखाली राहणं झेपतंय का. हे पिल्लू दारात येण्याआधी तपासता येतं आणि तेव्हाच तपासायला हवं. महिनाभर लळा लावून परत केलेल्या पिल्लाचे हाल होतात, आणि ज्याच्यामुळे ते गेलं त्या घरच्या मुलाला वाटणारा अपराधीपणा लवकर जात नाही.

‘ॲलर्जी न होणारी जात’ हा शोध सोडून द्या

बहुतेकांना वाटतं, ॲलर्जी केसांची असते. खरं तर ती कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असलेल्या प्रथिनांची असते. कुत्रं स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे अतिबारीक कण हवेत तरंगतात आणि पडदे, सोफा, कपडे यांना चिकटून बसतात. केस हे फक्त वाहन. त्यामुळे केस कमी गळणारी जात आणली तरी लाळ आणि कोंडा असतोच.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत यांतल्या एका मुख्य प्रथिनाचं प्रमाण मोजलं. ते इतर जातींपेक्षा कमी तर नव्हतंच, उलट जास्त निघालं. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेत घराघरांतली धूळ तपासली गेली, तिथेही दोन्ही प्रकारच्या जातींत फरक दिसला नाही. तेव्हा ‘याची ॲलर्जी होतच नाही’ असं सांगून कुणी पूडल किंवा शिह त्झूचे जादा पैसे मागत असेल, तर त्या शब्दावर पैसे मोजू नका.

लॅब्राडूडलचा जन्मच या प्रश्नातून झाला. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. ऑस्ट्रेलियात वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा त्या गृहस्थांना त्यातलं एकच पिल्लू चाललं. आईबाप तेच, वीण तीच, तरी दोन नापास. जातीचं नाव पाहून निर्णय का घेऊ नये, हे यावरून कळावं. एखाद्या माणसाला एखादं कुत्रं चालतं, दुसरं चालत नाही.

पायरी १: त्रास नेमका कशाचा, ते शोधा

‘कुत्रा जवळ आला की शिंका येतात’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे बारमाही शिंकांमागे बरेचदा घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत ते गाद्या-उशांमध्ये फोफावतात. झुरळांची ॲलर्जी असते. रस्त्याकडेला माजलेल्या गाजर गवताचे परागकण असतात, आणि फिरून आलेलं कुत्रं तेच अंगावर घेऊन घरात येतं.

ॲलर्जीच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन त्वचेवरची चाचणी करून घ्या. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ वेगवेगळ्या द्रावणाचा थेंब ठेवतात आणि बारीक टोकाने त्वचा जराशी टोचतात. रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ज्याची ॲलर्जी आहे तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. डॉक्टर ती पट्टीने मोजतात. ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ती धरतात. शिंकांच्या गोळ्या चालू असतील तर ही चाचणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते, म्हणून गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते वेळ घेतानाच विचारा. अंगावर इसब असेल किंवा गोळ्या थांबवणं शक्य नसेल, तर रक्ताची तपासणी हा पर्याय आहे.

कुत्र्याची ॲलर्जी निघाली तर डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारा. कुत्र्याच्या प्रथिनांपैकी ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काहींना फक्त याचीच ॲलर्जी असते, आणि अशांना मादी किंवा नसबंदी झालेला नर चालू शकतो. ही सुटी तपासणी सगळीकडे होत नाही, पण मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये चौकशी करून पाहण्यासारखी आहे.

पायरी २: कधी थांबायचं, ते आधी ठरवा

दमा आटोक्यात नसेल, रात्री धाप लागून उठावं लागत असेल, पंप वरचेवर वापरावा लागत असेल, किंवा गेल्या वर्षभरात दम्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं असेल, तर पिल्लाचा विषय बाजूला ठेवा. कुत्र्याजवळ गेल्यावर ओठ-जीभ सुजली असेल किंवा श्वास अडकला असेल, तर विषय तिथेच संपला.

‘राहून राहून सवय होईल’ हे वाक्य फार ऐकू येतं. काहींना होतही असेल, पण त्या भरवशावर पिल्लू आणू नका. सततच्या संपर्काने दमा बळावतो, हेही तितकंच खरं आहे. घरातले मोठे म्हणतात, आमच्या वाड्यात दारात दोन-दोन कुत्री असायची, कुणाला काही झालं नाही. ती कुत्री ओसरीवर झोपायची आणि अंगणात वावरायची. सातशे फुटांच्या बंद फ्लॅटमध्ये पंख्याखाली सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याशी त्याची तुलना होत नाही.

आणि निर्णयाचा अधिकार ज्याला त्रास होतो त्याला द्या. आजी म्हणाल्या ‘नको’, तर ते ‘नको’च. मुलांच्या हट्टापायी त्यांना ‘गोळी घेईन मी’ असं म्हणायला लावू नका.

पायरी ३: कुत्र्यासोबत प्रत्यक्ष बसून पाहा

डॉक्टरांनी हरकत नाही असं सांगितलं, तरच ही पायरी. चाचणीत गांधी उठली म्हणजे प्रत्यक्षात तितकाच त्रास होईल असं नाही, आणि उठली नाही म्हणजे होणारच नाही असंही नाही.

सुरुवात मोकळ्या जागेत करा, एखाद्या ओळखीच्या कुत्र्यासोबत बाहेर फिरून. त्रास झाला नाही तर कुत्रं असलेल्या घरात अर्धा तास बसा, खिडक्या उघड्या. पुढच्या वेळी दोन तास, आणि यावेळी कुत्र्याला कुरवाळा, हाताला चाटू द्या. मग त्याच हाताच्या मनगटाकडे लक्ष ठेवा. लाळ लागलेल्या जागी लाली, खाज किंवा गांध्या आल्या तर तिथेच उत्तर मिळतं. चेहऱ्याला मात्र चाटू देऊ नका.

घरी परतल्यावरही लक्ष ठेवा, कारण काहींना त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी होतो. संध्याकाळी मजेत खेळलेलं मूल रात्री दोनला खोकत उठलं, तर त्याची नोंद करा. वहीत रोज चार गोष्टी लिहा: शिंका, डोळे, खोकला, झोप. दमा असेल तर फुंकून मोजायचं पीक फ्लो मीटर सकाळ-संध्याकाळ वापरा. भेटीच्या दिवशी पंप जवळ असलाच पाहिजे.

यानंतरची सगळ्यात मोलाची परीक्षा म्हणजे तात्पुरता सांभाळ. प्राण्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थांना थोड्या दिवसांसाठी कुत्रं ठेवून घेणारी घरं कायम हवी असतात. आपली अडचण मोकळेपणाने सांगून दोन-तीन आठवडे एखादं कुत्रं घरी ठेवा. याने जे कळेल, ते कुठल्याही रिपोर्टने कळणार नाही.

पायरी ४: कोणतं निवडायचं

मनापासून सांगायचं तर अशा घराला मी पिल्लापेक्षा वर्ष-दीड वर्षाचं कुत्रं सुचवेन. पिल्लाचं अंग लहान, त्यामुळे कोंडा आणि लाळही कमी. आज चाललेलं पिल्लू सहा-आठ महिन्यांनी मोठं झाल्यावर चालेलच, याची खात्री देता येत नाही. मोठ्या कुत्र्याची परीक्षा घेता, तेच कुत्रं घरी येतं.

तरीही पिल्लूच हवं असेल, तर आकाराने लहान राहणारं बरं. आपलं देशी, आखूड केसांचं कुत्रं ॲलर्जीमुक्त नाही, पण त्याला ओल्या फडक्याने पुसणं आणि आंघोळ घालणं सोपं जातं, आणि आपल्या हवेत ते चांगलं टिकतं. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लाला आईपासून तोडू नका. भारतातल्या नियमांनुसार त्याआधी विक्रीही करता येत नाही. ज्यांच्याकडून घेणार त्यांना ॲलर्जीची कल्पना द्या आणि त्याच पिल्लासोबत दोन-तीनदा बसल्याशिवाय हो म्हणू नका.

पायरी ५: घर आधी तयार करा

ज्याला ॲलर्जी आहे त्याची झोपायची खोली पिल्लाला कायमची बंद. एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा, कारण माणूस दिवसाचे सात-आठ तास त्या खोलीत श्वास घेतो. ‘आजच्या दिवस’ म्हणून एकदा आत घेतलं की पिल्लू रोज दार खरवडतं. पहिल्या काही रात्री ते रडेल. तेव्हा त्याचं अंथरूण हॉलमध्ये टाका आणि ज्याला ॲलर्जी नाही अशा कुणीतरी तिथे शेजारी गादी घालून झोपा.

त्या खोलीतला गालिचा, जाड पडदे, कापडी खेळणी काढून टाका. गादी-उशांना चेनचे घट्ट विणीचे कव्हर घाला. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, पाणी ६० अंशांच्या आसपास असेल तर धुळीतले किडेही मरतात. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा फिल्टरचंच, म्हणजे अतिबारीक कणही अडकवणाऱ्या गाळणीचंच घ्या, ते याच खोलीत ठेवा आणि दार लावून चालवा. हॉलमध्ये ठेवून काही साधत नाही.

बाकी घरात कोरडा झाडू मारला की खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात. आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरा. पंख्याची पाती आणि एसीची जाळी लोक विसरतात. कोंडा तिथेही साचतो. आणि कामाला मावशी येत असतील तर पिल्लू आणण्याआधी त्यांनाही विचारा. केर त्या काढणार आहेत, आणि ॲलर्जी किंवा दमा त्यांनाही असू शकतो.

पायरी ६: पिल्लू आल्यावर

कामं आधीच वाटून घ्या. विंचरणं, आंघोळ, शू पुसणं आणि अंथरूण धुणं हे ॲलर्जी असलेल्याने करायचं नाही. त्याने खायला द्यावं, शिकवावं, फिरायला न्यावं. नातं त्यातूनच जुळतं. विंचरायचं गॅलरीत किंवा गच्चीवर.

आंघोळीबद्दल खरं सांगायचं तर तिचा उपयोग फार काळ टिकत नाही. धुतल्यानंतर प्रथिनाचं प्रमाण उतरतं आणि तीन-एक दिवसांत पुन्हा चढतं. म्हणजे फायदा हवा तर आठवड्यातून दोनदा धुवायला हवं. इतक्या वेळा धुतल्याने त्वचा कोरडी पडली तर कोंडा वाढतो, म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्यांसाठीचा सौम्य शाम्पू घ्या. माणसांचा शाम्पू किंवा डेटॉल अजिबात नको. लसी चालू असलेल्या लहान पिल्लाला आंघोळ कधीपासून घालायची, तेही डॉक्टरांनाच विचारा. तोवर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने रोज पुसा. पिल्लू सतत खाजवत असेल तर गोचीड, बुरशी किंवा खाण्यातलं काही असू शकतं. त्यावर वेळीच उपचार केले तर कोंडाही कमी होतो.

पिल्लाशी खेळून झालं की हात साबणाने धुवायचे, त्याआधी डोळे चोळायचे नाहीत. मांडीवर घेऊन बसला असाल तर ते कपडे बदलल्याशिवाय गादीवर जायचं नाही.

पायरी ७: डॉक्टरांचा हात सोडू नका

पहिल्या महिन्याअखेरीस आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांना वही दाखवा. नाकातला स्प्रे किंवा दम्याचा रोजचा पंप दिला असेल, तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. मुसळधार पावसात खिडक्या बंद राहतात, कपडे वाळत नाहीत, ओलं कुत्रं घरातच असतं. उन्हाळ्यात ठीक गेलं म्हणून पावसाळाही तसाच जाईल असं धरून चालू नका. ॲलर्जीची लस म्हणजे इम्युनोथेरपी हा मार्ग आहे, पण ती तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते आणि कुत्र्याच्या ॲलर्जीत तिचा गुण धुळीच्या किड्यांच्या ॲलर्जीइतका खात्रीचा नाही. तिच्या भरवशावर पिल्लू आणू नका.

पायरी ८: नाहीच जमलं तर

पिल्लू आणण्याआधीच एका घराशी बोलून ठेवा: मावशीचं, मित्राचं, गावाकडच्या काकांचं. ‘वेळ आली तर तुम्ही सांभाळाल का?’ असं स्पष्ट विचारा आणि स्पष्ट हो घ्या. संस्थेकडून घेतलं असेल तर परत घेण्याची अट लिहून घ्या. रस्त्यावर सोडणं हा पर्याय नाही, तो कायद्यानेही गुन्हा आहे.

दमा बळावतोय हे वहीत दिसू लागलं की महिनोन्‌महिने ताणू नका. पिल्लू लहान असतानाच नव्या घरी लवकर रुळतं. आणि ते गेल्यानंतर आठवड्याभरात सगळं थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. साचलेली प्रथिनं घरातून जायला काही महिने लागतात. सोफ्याची कव्हरं, पडदे, गालिचे धुवून घ्या, भिंती आणि कपाटांच्या वरच्या बाजू ओल्या फडक्याने पुसा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत औषध चालू ठेवा.