पॅकेट गळण्याची दुर्मीळ संभाव्यता मोजताना या चुका टाळा

राउटरचा बफर (पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, तात्पुरती थांबवण्याची जागा) भरून पॅकेट गळण्याची संभाव्यता अब्जात एक असेल, तर साधे सिम्युलेशन रात्रभर चालवूनही बहुधा एकही गळती दिसणार नाही, आणि त्यावरून ‘गळती होतच नाही’ असे अहवालात लिहिणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. दहा लाख स्वतंत्र चाचण्यांत घटना एकदाही घडली नाही, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढेच म्हणता येते की संभाव्यता दहा लाखांत सुमारे तीनपेक्षा कमी आहे. अब्जात एकच्या संभाव्यतेतील सापेक्ष त्रुटी १० टक्क्यांवर आणायला जवळपास शंभर अब्ज चाचण्या लागतात.

म्हणून इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग वापरतात: सिम्युलेशनमधील आगमनाचे व सेवेचे दर बदलून गळती वारंवार घडवायची आणि प्रत्येक नमुन्याला योग्य वजन (मूळ दरांनुसारची त्याची संभाव्यता भागिले बदललेल्या दरांनुसारची) देऊन मूळ संभाव्यता काढायची. एम/एम/१ रांगेत (यादृच्छिक आगमन, यादृच्छिक सेवाकाळ आणि एकच सेवक असलेली साधी रांग) आगमनदर सेवादराच्या निम्मा आहे आणि एका पॅकेटपासून निघून रांग रिकामी होण्यापूर्वी ३० वर पोहोचण्याची संभाव्यता हवी आहे, असे समजा. नेमके उत्तर सुमारे १०७ कोटींत एक. दोन्ही दरांची अदलाबदल केली की जवळजवळ निम्मी चक्रे (एका पॅकेटपासून ३० किंवा शून्य गाठेपर्यंतच्या धावा) ३० गाठतात आणि त्या प्रत्येकाचे वजन २ च्या २९ व्या घाताने १ ला भागल्याइतके असते. शून्यावर परतणाऱ्या चक्रांचे वजन बरोबर २. सर्व चक्रांच्या वजनांची सरासरी १ यायलाच हवी. ती येत नसेल, तर रांग रिकामी असतानाच्या संक्रमणांचे गुणक आधी तपासावेत. अनेक रांगांच्या जाळ्यात चूक बहुधा तिथेच असते.

खरा धोका मात्र हेच तंत्र जोडरांगांवर (एकीतून बाहेर पडलेले पॅकेट पुढचीत जाते अशा रांगांवर) डोळे मिटून लावण्यात आहे. आगमनदर सर्वांत मंद सेवादराशी बदलण्याची पारेख आणि वॉलरँड यांची १९८९ मधील पद्धत, दोन्ही सेवादर जवळपास सारखे असताना फसू शकते, हे ग्लासरमन आणि कू यांनी १९९५ मध्ये दाखवले. अशा वेळी अंदाज खऱ्या मूल्याच्या खाली स्थिरावतो आणि विश्वासांतरही (खरे मूल्य ज्यात असावे तो पट्टा) अरुंद दिसते, कारण प्रचंड वजनाचे विरळ नमुने अजून आलेलेच नसतात. त्यामुळे नमुन्यांतूनच काढलेल्या विचलनावर विसंबू नये. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक संख्यांच्या सुरुवातीच्या आकड्याने) धावा घ्याव्यात, एकूण बेरजेत सर्वांत जड नमुन्याचा वाटा किती ते पाहावे, आणि लहान बफरसाठी समीकरणे सोडवून आलेल्या उत्तराशी तुलना करावी. तफावत आढळली, तर रांगेच्या स्थितीनुसार बदलणारे दर वापरावेत.

हे सगळे जुळले तरी आगमनाचे प्रारूप तपासायचे राहतेच. बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन कंपनीतील इथरनेट वाहतूक स्वसमरूप (लहान-मोठ्या कोणत्याही कालमापावर सारखीच चढउतार दाखवणारी) असल्याचे १९९४ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात दिसले. तशा वाहतुकीला पॉयसाँ (प्रत्येक आगमन आधीच्यांपासून स्वतंत्र असलेली) मानले, तर बिनचूक सिम्युलेशनही गळती कितीतरी पटींनी कमी दाखवते.