घरच्या कॉम्प्युटरवरच्या स्टीमला कुलूप कसं लावायचं

आमचा मुलगा आठवीत आहे. मागच्या सुट्टीत तो गेम्सच्या एका ऑनलाइन दुकानात शिरला आणि एका पानावर जन्मतारखेची चौकट आली. दिवस १, महिना जानेवारी, हे आधीच भरलेलं. त्याने साल खाली खाली सरकवत १९८५ ला आणून थांबवलं, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा झाला, आणि पान उघडलं. मी मागेच उभी होते. "आई, ते नुसतं विचारतात गं, बघत कुणी नाही," हेही वर ऐकवलं.

खरंच होतं ते. म्हणून त्या चौकटीच्या भरवशावर राहायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. मग मी स्टीमच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम्स विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या, सेटिंग्ज धुंडाळल्या. कॉम्प्युटरवर गेम्स घेणारी बहुतेक मुलं शेवटी स्टीमवरच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी गेमच्या पानावरची पाटी वाचायला शिका

सिनेमाला आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, गेमला तसं काही लागत नाही. अमेरिकेत ईएसआरबी (१९९४ पासून) आणि युरोपात पेगी (२००३ पासून) वयाचे शिक्के देतात, पण स्टीमवर गेम विकायला ते शिक्के सगळीकडे सक्तीचे नाहीत. १०० डॉलर भरले की कुणीही आपला गेम तिथे मांडायला घेऊ शकतो. निर्माता एक प्रश्नावली भरतो: नग्नता आहे का, हिंसा किती, लैंगिक दृश्यं कशी. विक्री सुरू होण्याआधी स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हची माणसं पान आणि गेम एकदा तपासतात. पण पानावर दिसणारं वर्णन निर्मात्याचंच असतं. गेमच्या पानावर खाली सरका, तिथे प्रौढ मजकुराबद्दल एक छोटी चौकट सापडेल आणि तिच्यात इंग्रजीत सरळ लिहिलेलं असेल की निर्माते आपल्या मजकुराचं वर्णन असं करतात. हे वाक्य मी आता प्रत्येक वेळी वाचते. ज्याचा माल, त्यानेच लिहिलेली पाटी! बहुतेक जण प्रामाणिकपणे लिहितात, पण काही वर्णनं इतकी गुळमुळीत असतात की वाचून काहीच कळत नाही. अशा वेळी खरेदीदारांनी लावलेले टॅग, म्हणजे गेम कसा आहे ते सांगणारे छोटे शब्द, बघा, तिथे लपवाछपवी कमी असते.

मुलाचं खातं वेगळं काढा

स्टीमच्या अटींनुसार खात्यासाठी वय किमान १३ लागतं. तुमच्याच खात्यावर मुलगा खेळत असेल तर पुढचं सगळं वाया गेलं समजा, कारण फिल्टर आणि बंधनं त्या त्या खात्याला चिकटतात. दोन खाती, दोन पासवर्ड, आणि तुमचा पासवर्ड त्याला माहीत नसावा. (आमच्याकडे तो कुत्र्याच्या नावाचा होता. बदलला.)

मग फिल्टर

मुलाच्या खात्यातून स्टीम उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या नावावर टिचकी मारा आणि स्टोअरचे 'प्रेफरन्सेस' शोधा. तिथे प्रौढ मजकुराची यादी असते: थोडी नग्नता, वरचेवर येणारी हिंसा व रक्तपात, सरसकट प्रौढ मजकूर, आणि सगळ्यात शेवटी 'अ‍ॅडल्ट ओन्ली सेक्शुअल कंटेंट'. हा शेवटचा गट मुळातच बंद असतो. खात्यात शिरून तो मुद्दाम चालू केला तरच दिसतो, लॉग-इन न करता तर दिसतच नाही. म्हणजे तिथे खूण दिसली तर ती कुणीतरी हाताने केलेली आहे. बाकीचे गट एकेक वाचा आणि नको असेल त्यावरची खूण काढून टाका. त्याच पानावर नको असलेले टॅग लिहायची जागा आहे, तीही वापरा.

हे गट २०१८ मध्ये आले. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हॉल्व्हने काही निर्मात्यांना लैंगिक मजकुरामुळे गेम हटवण्याची ताकीद दिली, आरडाओरडा झाल्यावर ती मागे घेतली, आणि जूनमध्ये जाहीर केलं की बेकायदेशीर किंवा निव्वळ खोडसाळ नसेल ते सगळं विकू, काय बघायचं ते गिऱ्हाईकाने ठरवावं. त्यासाठी सप्टेंबरमध्ये हे फिल्टर वाढवले. म्हणजे छाननीचं अर्धं काम तेव्हापासून आपल्याकडे आलं. दुकानदाराने हात झटकले असं म्हणायचं तर म्हणा. मला मात्र यात गैर वाटत नाही, फक्त हे काम आपल्याकडे आलंय हे आपल्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

खरं कुलूप: स्टीम फॅमिलीज

फिल्टर मुलगा स्वतःच बदलू शकतो. त्यावर उपाय 'स्टीम फॅमिलीज'. हे २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तुमच्या खात्यातून कुटुंब तयार करा आणि मुलाच्या खात्याला आमंत्रण देताना त्याची भूमिका 'चाइल्ड' अशी निवडा. एका कुटुंबात सहा जण मावतात आणि ते एकाच घरातले असावेत अशी अपेक्षा आहे.

यानंतर मुलाच्या खात्याच्या नियंत्रण पानावर जा. कोणते गेम खेळता येतील ते एकेक ठरवता येतं. स्टोअर, कम्युनिटी आणि मित्रांशी गप्पा, तिन्ही वेगवेगळे बंद करता येतात. कम्युनिटी विसरू नका. स्टोअरला कुलूप लावून कम्युनिटी उघडी ठेवणं म्हणजे पुढचं दार लावून मागची गॅलरी उघडी टाकणं, कारण लोकांनी टाकलेले स्क्रीनशॉट आणि चित्रं तिथेच असतात. रोज किती वेळ खेळायचं तेही इथेच ठरतं.

दोन गोष्टी आधीच सांगते. कुटुंबातून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसाला दुसऱ्या कुटुंबात जायला वर्षभर थांबावं लागू शकतं, तेव्हा आमंत्रणं भावकीत वाटू नका. आणि तुमच्या विकत घेतलेल्या गेममध्ये मुलाने फसवाफसवी केली आणि त्या गेमने त्याला बाहेर काढलं, तर त्या गेममधून तुम्हीही बाहेर.

फोनवर

इथे काम सोपं आहे, कारण गूगल प्लेमध्ये उघड लैंगिक गेम्सना मुळातच परवानगी नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'फॅमिली', मग 'पॅरेंटल कंट्रोल्स', तिथे पिन टाका आणि ३, ७, १२, १६, १८ यांतलं वय निवडा. पिन म्हणून घराचा नंबर नको.

इचवर, आणि गायब झालेल्या गेम्सबद्दल

छोट्या, हौशी निर्मात्यांचे गेम 'इच' या दुकानात मिळतात. तिथे खात्याच्या सेटिंग्जमध्ये प्रौढ मजकूर शोधात दाखवायचा की नाही याची एक खूण आहे, ती काढलेलीच ठेवा.

मुलं कधी सांगतात, "तो गेम काल होता, आज नाही." ते खरं असू शकतं, आणि कारण गंमतशीर आहे. जुलै २०२५ मध्ये स्टीमने नियमांत एक कलम वाढवलं: पैसे पोचवणाऱ्या कंपन्या, कार्डांची जाळी आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर, विशेषतः काही प्रकारचा प्रौढ मजकूर, चालणार नाही. त्यानंतर बरेच गेम विक्रीतून गेले. त्याच महिन्यात इचने सगळा प्रौढ मजकूर एकदम शोधातून काढला आणि काही दिवसांनी त्यातला फुकटचा भाग परत आणला. याआधी ऑस्ट्रेलियातल्या 'कलेक्टिव्ह शाउट' या गटाने अशा गेम्सविरुद्ध पेमेंट कंपन्यांना उघड पत्र लिहिलं होतं. मास्टरकार्डने मात्र आपण कुठल्याही गेमची तपासणी केलेली नाही, बंधनंही घातलेली नाहीत, असं जाहीर केलं. व्हॉल्व्हचं म्हणणं असं की निरोप मधल्या पेमेंट कंपन्या आणि बँकांकडून आला. थोडक्यात, दुकानाच्या गल्ल्यामागेही एक छाननी चालते आणि तिच्या खुणा आपल्या सेटिंग्जमध्ये कुठेच नाहीत. हिंसा दाखवणाऱ्या गेम्सवर अशी गदा आली नाही, हे मला आजही खटकतं.

नात्यात कुणी इंग्लंडमध्ये असेल तर तिथली गोष्ट निराळी. तिथल्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यामुळे ऑगस्ट २०२५ पासून स्टीमवरची प्रौढ पानं बघायला खात्याला क्रेडिट कार्ड जोडलेलं लागतं. जन्मतारीख सरकवून तिथे भागत नाही.

एवढं करूनही काही निसटलं तर

पाटी खोटी वाटली तर गेमच्या पानावरच्या छोट्या झेंड्याच्या चिन्हावर टिचकी मारून तक्रार करता येते. कारण निवडा, दोन ओळींत नेमकं लिहा. "घाणेरडा गेम आहे" एवढ्याने काही होत नाही. कुठल्या प्रसंगात काय दिसतं आणि वर्णनात ते कसं नाही, हे लिहा.

आमच्याकडे सगळं लावून झाल्यावर चौथ्या दिवशी रात्री पावणेदहाला माझ्या फोनवर स्टीममधून मुलाची पहिली विनंती आली: खेळायला अजून एक तास. मुलगा शेजारच्याच खोलीत होता. मी वीस मिनिटं दिली आणि आतून आवाज आला, "आई, निदान तीस तरी!"