फर्स्ट इयरला अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी वेगवेगळी वाचू नका

धुळे किंवा जळगावला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. टाइमटेबलमध्ये अॅनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिऑलॉजी (अवयवांचं काम) वेगळ्या असतात, म्हणून पोरं त्या वेगळ्याच वाचतात. माझं सांगणं एवढंच, की ज्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये हृदय हातात घ्याल, त्याच संध्याकाळी त्याची फिजिऑलॉजी वाचा.

उदाहरणार्थ, हृदयाच्या डाव्या जवनिकेची (व्हेंट्रिकलची) भिंत उजवीपेक्षा जवळपास तिप्पट जाड का? दोन्ही बाजू रक्त तेवढंच ढकलतात. पण उजवीला फुप्फुसापर्यंत साधारण २५ मिमी (पाऱ्याचा) दाब पुरतो, डावीला १२० लागतो. हे एकदा कळलं की जाडी पाठ करावी लागत नाही. खांदा आणि खुबाही असेच शेजारी ठेवून बघा: खुब्यापेक्षा खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच निखळतोही लवकर.

अॅनाटॉमीच्या शाखांची नावं ऐकून घाबरू नका. डोळ्यांनी दिसते ती ग्रॉस, स्लाइडवरची हिस्टॉलॉजी, गर्भात अवयव कसा घडला ती एम्ब्रियॉलॉजी. हिस्टॉलॉजीचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तीच तारते, भो!

आपल्या भागात शिकण्याचा खरा फायदा म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. अक्कलकुवा, धडगावकडचे रुग्ण तुम्हाला वॉर्डात भेटतीलच. निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट आणि लवचिक असते. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निघते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते. ती केशवाहिन्यांत अडकते, म्हणून हाडं ठणकतात. ती १०-२० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी. प्लीहेत (स्प्लीनमध्ये) रक्त संथ वाहतं, तिथे ऑक्सिजनही कमी, म्हणून तिला फटका लवकर बसतो.

परदेशी पुस्तकांत वाचाल की मोठेपणी प्लीहा आकसून जाते. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून असतं, त्यांची प्लीहा मोठेपणीही हाताला लागू शकते. त्यामुळे वॉर्डात पोट तपासताना पुस्तकावर विसंबू नका, बरगडीखाली नीट हात घालून बघा.